शेवटच्या घरापासून दोन हाका

माझं काम काय, असं विलायतेतल्या आमच्या मराठी मंडळात कुणी विचारलं की आई घाईघाईनं सांगायची, "इंजिनीअर आहे, मेडनहेडला." मी मागून म्हणायची, "गटारं आखते." आई डोळे वटारायची. पण त्यात खोटं काय होतं? दोन हजार सालानंतरची चांगली पाच-सहा वर्षं मी मेडनहेडच्या एका ऑफिसात, कार पार्ककडे तोंड केलेल्या खिडकीशी बसून, वाळवंटातल्या एका शहराच्या सांडपाण्याची लाइन आखत होते. तेलाच्या पैशावर गब्बर झालेलं शहर. त्याचं नाव मी लिहीत नाही. आमच्या घरात ते नाव कुणी घेत नसे आणि माझ्याही हाताला ती सवय लागली आहे.

कामाची रीत अशी होती. दर काही महिन्यांनी त्या शहराचे वरून काढलेले नवे फोटो यायचे. मी स्क्रीनवर एकेक छप्पर टिपायचं, एका घरात माणसं किती असतील ते धरायचं, माणसांवरून पाणी, पाण्यावरून पाइप. शाळकरी हिशेब. पहिल्यांदा मी दक्षिणेकडची बाजू पुरी केली तेव्हा स्वतःवर भलतीच खूश होते. तेवढ्यात नवे फोटो आले. माझा पाइप जिथे संपत होता तिथून पुढे एक अख्खं उपनगर सुरू झालेलं. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच गावाचे फोटो पाठवले. मी तसं साहेबाला सांगितलंसुद्धा. आमचा साहेब मूळचा एडिनबराचा, निवृत्तीला टेकलेला, जन्मभर उन्हाच्या देशांत पाण्याच्या लाइनी घालून आलेला माणूस. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला, मशीद ओळखली, पाण्याची टाकी ओळखली आणि म्हणाला, "शहर तेच आहे. तू पुन्हा सुरू कर."

असं मी किती वेळा पुन्हा सुरू केलं ते विचारू नका. आमचं सगळंच काम म्हणजे वरातीमागून घोडं. घरं आधी, माणसं त्यांच्यात राहायला आलेली, आणि आम्ही इकडे मेडनहेडमध्ये त्यांच्या मोरीचं पाणी कुठे जाणार याचा विचार करतोय. पहिल्या वर्षी मी चिडायची. नंतर चिडणं गेलं आणि मी नुसती बघत राहायला लागले. रिकाम्या वाळूत आधी गाड्यांच्या चाकोऱ्या उमटायच्या. पुढच्या फोटोत कुंपण. त्याच्या पुढच्यात दिव्यांचे खांब, रस्त्याचा पत्ता नसताना, ओळीनं वाळूत उभे. आणि मग एकदम छपरं, छपरांवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या कपड्यांचे ठिपके. अजून बांधायच्या राहिलेल्या प्लॉटांवर मधोमध एक फिकट पट्टा दिसायचा. तो काय हे मला कितीतरी दिवस कळेना. साहेबालाही कळेना. मग एका दुपारी डोक्यात प्रकाश पडला: क्रिकेटचं पिच. आपलीच पोरं, केरळची, लाहोरची, रत्नागिरीची, सुट्टीच्या दिवशी जाऊन वाळू थोपटून खेळत होती. मी साहेबाला ते दाखवलं, तर तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला आणि आम्ही दोघं त्या शहरातली पिचं शोधत राहिलो. एवढी माणसं आली कुठून, ती खातात काय, समुद्राचं पाणी गोड करून किती जणांना पुरवणार, असं मनात यायचं आणि मी अक्षरशः तोंडात बोट घालायची.

आणि इकडे आमचं मेडनहेड. माझ्या शेजारणीला मागच्या दारी काचेची एक खोली काढायची होती. कौन्सिलला अर्ज, समोरच्यांची हरकत, पलीकडच्यांची हरकत, कुणाच्या तरी गुलाबांवर सावली पडते म्हणून पुन्हा पाहणी. बिचारीची खोली होईपर्यंत वाळवंटात माझी तीन उपनगरं झाली. तिला मी हे सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतेय.

आता घरचं सांगते. माझा जन्म एडिनबराचा. बाबा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि रिटायर झाल्यावर आईनं हट्टानं एजवेअरला बिऱ्हाड हलवलं, आपली माणसं हवीत, आपली भाजी हवी म्हणून. पण एडिनबराच्या आधी, सत्तरच्या दशकात, दोघं त्याच वाळवंटातल्या गावात होती. तेव्हा ते गावच होतं. तेल कंपनीचे बंगले, कंपनीचंच एक हॉस्पिटल, धक्का, बाजाराची गल्ली, संपलं. तिथे माझ्या आधी एक मुलगा झाला होता. महिन्याचाही झाला नाही. तापानं गेला. बाप डॉक्टर, हॉस्पिटल दाराशी, तरी गेला.

दात न आलेल्या मुलाला आपल्यात अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. आणि बायका बरोबर जात नाहीत. परक्या देशात, चार खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, सांगायला कुणी वडीलधारं नसताना या दोघांनी ही रीत मुकाट पाळली. बाबा, हॉस्पिटलचा कंपाउंडर आणि ड्रायव्हर असे तिघं पहाटे गेले आणि उन्हं वर यायच्या आत परत आले. आई दारात उभी होती. तिनं विचारलं, कुठे ठेवलंत? बाबा म्हणाले, "दक्षिणेला. शेवटच्या घराकडे पाठ करून सरळ चालत जायचं. दोन हाकांवर."

हा पत्ता आमच्या घरात तीस वर्षं होता. मला तो कधी विचित्र वाटला नाही. बाबा साताऱ्याकडचे. त्यांच्या गावात शेवटचं घर म्हणजे शेवटचं घर, त्यांच्या पणजोबांच्या वेळीही तेच होतं आणि आजही तेच आहे. शेत कुठे, तर ओढ्यापासून एका हाकेवर. देऊळ कुठे, तर तीन हाकांवर. माणूस असा पत्ता सांगतो आणि दुसरा माणूस बरोबर तिथे जाऊन पोचतो. बाबांनी आपल्या गावच्या हिशेबानं वाळवंट मोजलं. आई नंतर कितीदा म्हणाली, मला एकदा नेऊन आणा. बाबांचं ठरलेलं उत्तर, "नंतर बघू. आहे तो, व्यवस्थित आहे." नंतर स्कॉटलंड आलं, मग मी आले, आणि नंतरचं नंतरच राहिलं.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई आईशेजारी बसली. तिची मुलगी नुकतीच त्या शहरात राहायला गेली होती. ती कौतुकानं सांगत होती, अहो, गाडीनं जात राहिलं तरी शहर म्हणून संपत नाही. आई तिळगूळ हातात तसाच घेऊन घरी आली. त्या आठवड्यात तिचं कशात लक्ष नव्हतं. रविवारी मी एजवेअरला जेवायला गेले तर पानं वाढायच्या आधीच तिनं विषय काढला.

"तुझ्या ऑफिसात ते सगळं वरून दिसतं ना?"

"दिसतं."

"मग बघ. त्याच्यावर काय आलंय ते मला सांग. घर असलं तर घर, रस्ता असला तर रस्ता. मला कळू दे. सत्तर झाली मला. न कळता जायचं नाहीये."

बाबा पेपर वाचत होते. पेपराआडूनच म्हणाले, "कशाला आता उकरून काढायचं ते." आणि बोलल्यावर आपण काय शब्द वापरला ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं. पेपर खाली ठेवून ते बागेत निघून गेले. जानेवारीच्या बागेत बघायला काय होतं, कप्पाळ! पण जेवण होईपर्यंत ते आत आले नाहीत.

मला आईचा राग आला होता, खरं सांगते. मी त्या शहरावर इतकी वर्षं काम करत होते आणि एकदाही त्या बाजूनं विचार केला नव्हता, कारण विचार करायचाच नव्हता. पण आईनं जन्मात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. सोमवारी मी कामाला लागले.

आमच्याकडे त्या गावाचे सत्तरच्या दशकातले जुने फोटो होते, विमानातून काढलेले, काळेपांढरे. त्या नगरपालिकेनं जमिनीचा उतार कळावा म्हणून पाठवलेले. मी ते कधी नीट पाहिले नव्हते. आता पाहिले. मूठभर गाव. हॉस्पिटल ओळखू आलं, त्याच्या मागची क्वार्टर्स ओळखू आली. यांतल्याच एका छपराखाली आई दारात उभी राहिली होती. आणि दक्षिणेला खरोखरच एक शेवटचं घर होतं. एकटं. त्याच्या पुढे फोटोच्या कडेपर्यंत पांढरं.

पण हाक म्हणजे किती? मी साहेबालाच विचारलं. पहाटेची वेळ, वारा नाही, सपाट वाळू, माणसाचा आवाज कुठवर जाईल? का विचारतेस, असं त्यानं विचारलं तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.  मग त्यानं पेन्सिल घेतली, वाळवंटातल्या त्याच्या दिवसांवरून एक अंदाज बांधला, आणि त्या शेवटच्या घराच्या दक्षिणेला एक वर्तुळ काढून दिलं. म्हणाला, "याच्या आत कुठेतरी."

मी जुन्या फोटोवर नवा फोटो चढवला. शेवटचं घर आता भर शहरात होतं. त्याच्या चारी बाजूंना छपरं, छपरांपुढे छपरं, सहा पदरी रस्ता, त्यापलीकडे पुन्हा छपरं. मी बघतच राहिले. जिथे आवाज पोचायला कान नव्हता तिथे आता जागा म्हणून उरली नव्हती. आणि त्या पेन्सिलच्या वर्तुळातून, बरोबर मधून, शहराची मुख्य सांडपाण्याची लाइन गेली होती. वर्तुळातच एक पंपिंग स्टेशन. दोन्ही मी आखलेली. दोन्ही बांधून झालेली.

त्या दिवशी मी जेवले नाही. आईला काय सांगू? तुझ्या मुलावरून मी गटार नेलं? खोटं बोलावं, बाग आहे म्हणावं, असंही मनात आलं. पण आई काय साधी आहे? ती म्हणाली असती, दाखव बाग. शेवटी साहेबाच्या परवानगीनं मी दोन्ही फोटोंचे मोठे प्रिंट काढून घेतले आणि ठरवलं की आधी बाबांना विचारायचं. ते घर हेच का, एवढं जरी त्यांनी सांगितलं तरी पुढचं बघता येईल.

बाबांना एकटं गाठणं एजवेअरच्या त्या घरात अशक्य. स्वयंपाकघर ते केवढं. रविवारी मी टेबलावर जुना फोटो पसरला तेव्हा आई ओट्यापाशी थालीपीठ थापत होती. बाबा नको नको म्हणत बसले. फोटोवर वाकले आणि त्यांचा चेहराच बदलला. हॉस्पिटलवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी ओपीडी." मग क्वार्टर, मग बाजाराची गल्ली, मग धक्का. बोट भराभर चाललं होतं. माझ्या जन्मात मी त्यांना त्या गावाबद्दल एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

मी दुसरा फोटो शेजारी ठेवला. "आणि हे आत्ताचं."

 बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू बघत गेले. "हे सगळं?" म्हणाले. "हे सगळं तेच गाव?" त्यांच्या आवाजात भीती नव्हती, एक प्रकारचा आदर होता. "काय केलं या लोकांनी. वाळूत काय केलं."

मी जुन्या फोटोतल्या दक्षिणेच्या त्या एकट्या घरावर बोट ठेवलं. "बाबा, शेवटचं घर हेच ना?"

त्यांनी पाहिलं. "नाही. हे घर तेव्हा नव्हतं."

"मग कुठलं?"

थालीपीठ तव्यावर चरचरत होतं. मला वाटलं त्यांना आठवत नाहीये, म्हणून मी बोट अलीकडच्या घरांवर नेलं. हे का? हे? त्यांनी माझा हात धरून बाजूला केला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला तेव्हाही माहीत नव्हतं."

मग ते टेबलाकडे बघत बोलायला लागले. पहिल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते गेले होते. दगड ठेवला होता तो सापडला, नमस्कार करून आले. मग कंपनीनं त्यांना तेलाच्या विहिरींवरच्या दवाखान्यात पाठवलं, काही आठवडे. परत आले तर शेवटच्या घरापुढे घरांच्या ओळी उभ्या होत्या. एक नाही, तीन-चार. सगळी सारखी, एका साच्यातली. त्यांना वाटलं आपण रस्ता चुकलो. परत हॉस्पिटलपर्यंत गेले आणि पुन्हा चालत आले. कुठल्या घराकडे पाठ करायची तेच कळेना. ज्या घरात विचारावं तिथली माणसं कालची आलेली. दगड म्हणाल तर बांधकामावर दगड काय थोडे होते? "पुढच्या शुक्रवारी आणखी ओळी. मी शोधायचो आणि ते बांधायचे. मग मी इकडे अर्ज केला."  मग आईकडे न बघता म्हणाले, "तू विचारायचीस, मी व्यवस्थित आहे म्हणायचो."

मी आईकडे बघायला धजेना. माझे वडील तीस वर्षं एका पत्त्याला धरून बसले होते आणि तो पत्ता काही आठवड्यांतच वाहून गेला होता. पंपिंग स्टेशनचं माझं दुःख मला एकदम पोरकट वाटलं.

आईनं गॅस बंद केला. हात पुसले. आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं."

बाबांनी मान वर केली.

"जागा माहीत असलेला माणूस जातो, नमस्कार करतो, परत येतो. तुम्ही सकाळी जायचात ते दुपार कलल्यावर यायचात. तोंड लालबुंद, ओठ फुटलेले, चपला वाळूनं भरलेल्या. मी त्या चपला झाडायची ना. एवढा वेळ कशाला लागतो माणसाला?"

"मग बोलली नाहीस कधी?"

"काय बोलू? तुम्ही मला धीर देत होतात. मी तो घेतला, म्हणजे तुम्हाला धीर. चाललं."

मला राहवेना. मी म्हटलं, "आई, मग मला का शोधायला लावलंस? तुला माहीत होतं की यांना जागा माहीत नाही, तर मला कशी सापडणार होती?"

"अगं, तुमच्याकडे एवढी यंत्रं. मला वाटलं, तुला सापडली तर यांना सांगता येईल." ती बाबांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "हे अजून शुक्रवारी दुपारी कुठेतरी चालत जातात. एजवेअरमध्ये. कुठे जाता विचारलं तर सांगत नाहीत. मला माझ्यासाठी नव्हती हवी जागा. यांचं शोधणं थांबावं असं वाटत होतं."

बाबांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मी माझ्या वडिलांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं म्हणजे तेव्हाही पाहिलं नाही, मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

आई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. नवा फोटो स्वतःकडे ओढून ती किती वेळ बघत होती. तिला नकाशा-बिकाशा काही कळत नाही. छपरं दिसत होती, टाक्या दिसत होत्या, रस्त्यांवरच्या गाड्या दिसत होत्या. "बाई गं," ती हळूच म्हणाली, "किती माणसं आली त्याच्याजवळ राहायला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमची दोघांची तिकिटं बघ. नाही सापडली तर नाही सापडली. या वेळी मीपण येते शोधायला."

"ऊन फार असतं गं तिथे," बाबा हातांआडून म्हणाले.

"तेव्हाही होतंच ना," आई म्हणाली. "आणि तुम्ही एकटे होतात."